मात्तेईचं विमान, रोझीचा कॅमेरा आणि तेलाचा हिशेब



आज आपण एका इटालियन चित्रपटाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव 'इल काझो मात्तेई', म्हणजे 'मात्तेई प्रकरण'. साल १९७२, दिग्दर्शक फ्रान्चेस्को रोझी. तेल, सत्ता आणि भ्रष्टाचार म्हटलं की आज बहुतेकांना २००५ सालचा जॉर्ज क्लूनीचा 'सिरियाना' आठवतो. तो चांगला चित्रपट आहे, पण त्यातली माणसं आणि तो देश कल्पित आहेत. रोझीच्या चित्रपटातला माणूस खरा, कंपनी खरी, मृत्यूही खरा. शिवाय हा चित्रपट तयार होत असताना त्याच्यासाठी माहिती गोळा करणारा एक पत्रकार भर रस्त्यातून नाहीसा झाला, तो आजतागायत सापडलेला नाही. म्हणजे इतिहासावर काढलेला हा चित्रपट स्वतःच इतिहासाचा एक भाग होऊन बसला.

म्हणून मी याकडे सिनेमाचा समीक्षक म्हणून पाहणार नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहणार आहे. आणि शेवटी थोडं आपल्याकडे, मुंबईच्या माहुल-तुर्भ्याकडेही यायचं आहे. तिथपर्यंतची वाट सरळ आहे, ओढूनताणून आणलेली नाही.

ज्याला कंपनी मोडायला पाठवलं होतं

एन्रिको मात्तेईचा जन्म १९०६ चा, मध्य इटलीतल्या मार्के प्रांतातला. वडील पोलिसात होते. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण फारसं झालं नाही. तरुणपणी कातडी कमावण्याच्या कारखान्यात काम केलं, मग मिलानला जाऊन स्वतःचा रसायनांचा छोटा धंदा उभा केला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर इटलीत जर्मन फौजांविरुद्ध आणि फॅसिस्टांविरुद्ध जो सशस्त्र लढा झाला, त्यात तो ख्रिस्ती लोकशाहीवादी गटाच्या प्रमुखांपैकी एक होता.

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि त्याला एक कंटाळवाणं काम मिळालं. मुसोलिनीच्या राजवटीने १९२६ मध्ये 'आजिप' नावाची सरकारी तेल कंपनी काढली होती. तिच्या हाती फार काही लागलं नव्हतं. नव्या सरकारला वाटलं, हा पांढरा हत्ती कशाला पोसायचा? मात्तेईला तिच्यावर आयुक्त नेमलं. काम एवढंच, की कंपनी गुंडाळायची, सामान विकायचं.

मात्तेईने कागदपत्रं पाहिली, जुन्या अभियंत्यांना बोलावून विचारलं. त्यांनी सांगितलं की पो नदीच्या खोऱ्यात, काव्हियागा या ठिकाणी नैसर्गिक वायू सापडलेला आहे. मात्तेईने कंपनी विकली नाही. वरून आदेश येत राहिले, हा खोदत राहिला. १९४९ मध्ये कोर्तेमाज्जोरे इथे वायूबरोबर थोडं तेलही लागलं. थोडंच होतं. पण वर्तमानपत्रांतून असा गाजावाजा झाला की जणू इटलीत टेक्सासच सापडलं. पुढे आजिपच्या पंपांवर 'सुपरकोर्तेमाज्जोरे' नावाचं पेट्रोल मिळायला लागलं. जाहिरातीत ते सामर्थ्यवान इटालियन पेट्रोल होतं. प्रत्यक्षात त्यातलं बहुतेक बाहेरून आणलेल्या कच्च्या तेलापासून बनायचं.

हा तपशील लक्षात ठेवा. मात्तेईला तेल शोधता येत होतं, त्याहून चांगलं त्याला गोष्ट रचता येत होती.

खरी संपत्ती तेलाची नव्हती, वायूची होती. उत्तर इटलीच्या कारखान्यांना स्वस्त इंधन हवं होतं. त्यासाठी नळ टाकायचे, तर वाटेत शेकडो नगरपालिका आणि त्यांचे परवाने. मात्तेईची माणसं रात्री येत, रस्ता खोदत, नळ टाकत. सकाळी गाव उठायचं तेव्हा काम झालेलं असायचं. मग नगराध्यक्ष ओरडणार तरी काय! आपण किती नियम मोडले हे मात्तेई पुढे मोठ्या अभिमानाने सांगायचा, आणि ऐकणारे टाळ्या वाजवायचे. आपणही कदाचित वाजवल्या असत्या. देश उद्ध्वस्त झालेला आहे, बाबूगिरी हलत नाही, आणि एक माणूस काम करून दाखवतो आहे!

फेब्रुवारी १९५३ मध्ये संसदेने कायदा करून 'एनी' ही राष्ट्रीय महासंस्था स्थापन केली आणि पो खोऱ्यातल्या तेल-वायूचा मक्ता तिला दिला. आजिप तिच्यात आली. ज्याला दुकान बंद करायला पाठवलं होतं, तो त्या दुकानाचा पेढीवाला झाला.

सात बहिणी

आता त्या काळातला तेलाचा बाजार बघू. जगातलं बहुतेक तेल सात कंपन्यांच्या हातात होतं. पाच अमेरिकन, एक ब्रिटिश, एक ब्रिटिश-डच. एस्सो, शेल, बीपी, मोबिल, टेक्साको, गल्फ आणि कॅलिफोर्नियाची स्टँडर्ड ऑइल. यांना 'सात बहिणी' म्हणायची पद्धत मात्तेईने पाडली. आपल्याकडे विहिरीच्या काठी साती आसरा बसलेल्या असतात, त्यांना विचारल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही असं जुनी माणसं सांगतात. या सात बहिणी तेलाच्या विहिरीवर तशाच बसलेल्या होत्या.

१९५१ मध्ये इराणच्या मोहम्मद मोसद्देक यांनी तेल राष्ट्रीयीकृत केलं. ब्रिटनने बहिष्कार घातला. १९५३ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश गुप्तचर खात्यांच्या मदतीने मोसद्देक यांचं सरकार उलथवलं गेलं. १९५४ मध्ये इराणचं तेल वाटून घेण्यासाठी मोठ्या कंपन्यांचा संघ तयार झाला. मात्तेईला त्यात वाटा हवा होता. इटलीने बहिष्कार पाळला होता, त्याची काही किंमत मिळेल असं त्याला वाटत होतं. त्याला घेतलं नाही.

या अपमानावर मात्तेई एक गोष्ट सांगायचा. दूरदर्शनवरही त्याने ती सांगितली होती आणि रोझीच्या चित्रपटातही ती आहे. शिकारीहून आलेल्या मोठ्या कुत्र्यांसमोर खाण्याचं भांडं ठेवलेलं असतं. एक मरतुकडं, भुकेलं मांजराचं पिल्लू भीत भीत त्या भांड्याजवळ येतं. कुत्रा पंजाचा एक फटका मारतो आणि पिल्लाचा कणा मोडतो. मात्तेई म्हणायचा, इटली म्हणजे ते पिल्लू.

पण हे पिल्लू पळालं नाही. १९५७ मध्ये मात्तेईने इराणशी थेट करार केला. त्याचं गणित सोपं आहे, पण त्या काळी ते बॉम्बगोळ्यासारखं होतं. तोपर्यंत चांगला समजला जाणारा करार निम्म्या-निम्म्याचा होता. १०० रुपये नफा, तर ५० देशाचे आणि ५० कंपनीचे. मात्तेई म्हणाला, माझ्या वाट्याच्या निम्म्यावर तुम्ही कर घ्या, आणि उरलेल्या निम्म्यात तुमची राष्ट्रीय तेल कंपनी माझी बरोबरीची भागीदार असेल. म्हणजे ५० कर, वर २५ भागीदारीचे. इराणला ७५, मात्तेईला २५. शिवाय तेल शोधण्याचा सुरुवातीचा खर्च आणि धोकाही इटालियन बाजूचा.

त्या करारातून मोठा साठा काही लागला नाही. पण ७५ हा आकडा राहिला. बगदाद, कैरो, त्रिपोली, सगळीकडे तो पोहोचला. आकड्यापेक्षाही मोठा होता 'भागीदार' हा शब्द. ज्या देशांना आजवर फक्त भाडं मिळत होतं, त्यांना कोणीतरी पहिल्यांदा म्हटलं, या, माझ्या शेजारी बसा.

पुढे १९६० मध्ये मात्तेईने सोव्हिएत संघाकडून स्वस्त तेल घेण्याचा मोठा करार केला. शीतयुद्ध ऐन भरात, इटली नाटोचा सदस्य, आणि हा रशियाचं तेल आणतो! अल्जीरियात फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, तिथे त्याची सहानुभूती स्वातंत्र्यसैनिकांकडे. फ्रेंच वसाहतवाद्यांच्या गुप्त सशस्त्र संघटनेच्या धमक्या त्याला येत होत्या. म्हणजे त्याच्यावर चिडलेल्यांची यादी भली लांब होती, आणि पुढे नेमकी हीच गोष्ट तपासाला नडली.

पक्ष म्हणजे टॅक्सी

आता मात्तेईची दुसरी बाजू. रोझीचा चित्रपट इथे प्रामाणिक आहे.

मात्तेईच्या नावावर एक वाक्य इटलीत सर्वतोमुखी आहे. राजकीय पक्ष मी टॅक्सीसारखे वापरतो. बसतो, भाडं देतो, उतरतो. हे भाडं सरकारी कंपनीच्या तिजोरीतून जायचं. स्वतःच्या ख्रिस्ती लोकशाही पक्षातल्या एका गटाला त्याने पोसलं, आणि गरज पडली तेव्हा फॅसिस्टांच्या वारसांनाही पैसे दिले. १९५६ मध्ये 'इल जोर्नो' हे दैनिक निघालं, त्यामागेही एनीचा पैसा होता. १९६२ च्या जुलैत इंद्रो मोंतानेल्ली या नामांकित पत्रकाराने 'कोर्रिएरे देल्ला सेरा'मध्ये लेखमाला लिहून एनीच्या कारभारावर झोड उठवली. मुद्दा असा होता, की ही संस्था जनतेच्या मालकीची आहे म्हणता, मग तिचा कारभार जनतेला का दिसत नाही?

मात्तेईने स्वतःसाठी संपत्ती जमवली असं त्याचे विरोधकही फारसं म्हणत नाहीत. म्हणूनच इटलीत त्याच्याबद्दल एक वर्णन रूढ झालं, की स्वतः न विकला जाणारा, पण इतरांना विकत घेणारा माणूस. आपल्याला असा माणूस समजून घेणं अवघड जातं. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्वतःचे खिसे भरणारा येतो. पण देशाचं भलं व्हावं म्हणून संसदेला वळसा घालणारा, नियम मोडणारा, वर्तमानपत्रं आणि पक्ष विकत घेणारा माणूस? त्याला काय म्हणायचं?

रोझीचा चित्रपट हाच प्रश्न धरून ठेवतो. मात्तेईची भूमिका जान मारिया वोलोन्तेने केली आहे. 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मधला खलनायक आठवतो ना, तोच हा नट. तो मात्तेईला इतका जिवंत करतो की आपण त्याच्या बाजूचे होऊन जातो. बोलतो भराभर, चिडतो पटकन, हसतो मनापासून. आणि मग एखाद्या प्रसंगात अचानक लक्षात येतं, की याच्या आजूबाजूला 'नाही' म्हणणारं कोणी उरलेलंच नाही.

२७ ऑक्टोबर १९६२

सिसिलीच्या डोंगरात गाल्यानो कास्तेल्फेर्रातो नावाचं गाव आहे. तिथे वायू सापडला. मात्तेई तिथे गेला, लोकांसमोर भाषण केलं. सिसिलीतली तरुण मुलं कामासाठी उत्तरेला, जर्मनीला जात होती. तो म्हणाला, काम इथेच निघेल, गेलेले परत येतील. गावाने डोक्यावर घेतलं. २७ ऑक्टोबरला कातानियाहून त्याचं छोटं जेट विमान मिलानकडे निघालं. सोबत वैमानिक इर्नेरिओ बेर्तुझ्झी आणि त्याच्यावर लेख लिहिणारे अमेरिकन पत्रकार विल्यम मॅकहेल. मिलानच्या लिनाते विमानतळावर उतरायला काही मिनिटं उरली असताना, पावसाळी अंधारात, बास्कापे गावाजवळच्या शेतात विमान कोसळलं. तिघेही गेले.

संरक्षण खात्याच्या चौकशीत घातपाताचा पुरावा मिळाला नाही. न्यायालयीन तपास १९६६ मध्ये बंद झाला. अपघात. खराब हवामान. पण आकाशातच आग दिसली असं एका स्थानिक शेतकऱ्याने सुरुवातीला सांगितलं होतं, आणि नंतर ते शब्द फिरवले. अवशेष धुतले गेले, पांगले. आठ वर्षांनी रोझीने चित्रपट हाती घेतला, तेव्हा हाती असं काहीच धड नव्हतं.

म्हणून त्याने चित्रपटाला चौकशीचं रूप दिलं. सुरुवात मृत्यूपासून. मग मागे, पुढे, पुन्हा मागे. मध्येच रोझी स्वतः पडद्यावर येतो, दिग्दर्शक म्हणून, माणसांना भेटतो, विचारतो. मात्तेईला ओळखणारी खरी माणसं कॅमेऱ्यासमोर बोलतात. त्यांत प्रतिकार लढ्याचे नेते आणि इटलीचे माजी पंतप्रधान फेर्रुच्चो पार्री आहेत. नटाने उभा केलेला प्रसंग आणि खऱ्या माणसाची साक्ष एकमेकांना लागून येतात. 'साल्व्हातोरे जुलियानो' या सिसिलियन डाकूवरच्या १९६२ च्या चित्रपटात रोझीने ही रीत आधी वापरली होती. उत्तर मिळत नसेल तर ते रचायचं नाही, प्रश्न मात्र नीट मांडायचा, अशी ही रीत. १९७२ च्या कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, एलिओ पेत्रीच्या कामगारांवरच्या चित्रपटासोबत विभागून. दोन्हींत वोलोन्तेच होता.

चित्रपटासाठी गेलेला माणूस

मात्तेईचे सिसिलीतले शेवटचे दोन दिवस कसे गेले, कोण भेटलं, विमानाजवळ कोण होतं, हे शोधायचं काम रोझीने पालेर्मोच्या 'लोरा' दैनिकातल्या एका अनुभवी पत्रकाराला दिलं. माउरो दे माउरो. तो कामाला लागला. आपल्या हाती मोठी बातमी लागली आहे, असं सहकाऱ्यांना सांगू लागला. १६ सप्टेंबर १९७० च्या रात्री, पालेर्मोत त्याच्या घरासमोरून त्याला नेलं गेलं. मृतदेहही मिळाला नाही.

चित्रपटाची पटकथा तिथून बदलली. दे माउरोचं नाहीसं होणं चित्रपटाच्या आतच घ्यावं लागलं. विचार करा, तुम्ही एका मृत्यूवर चित्रपट काढताय आणि तुमच्या संशोधकाला कोणीतरी उचलून नेतं. आता तुम्ही प्रेक्षकांना काय सांगणार? हा जुना विषय आहे, असं?

पुढची हकिगत चित्रपटानंतरची. १९९४ मध्ये पावियाचे सरकारी वकील विन्चेन्झो कालिया यांनी प्रकरण पुन्हा उघडलं. पुरलेले मृतदेह वर काढले गेले. हाडांत अडकलेले धातूचे कण, मात्तेईची अंगठी, विमानाचे उरलेले सुटे भाग, यांची नव्या तंत्राने तपासणी झाली. स्फोटाच्या खुणा सापडल्या. निष्कर्ष असा, की विमानात थोडी स्फोटकं ठेवलेली होती आणि विमान उतरताना चाकं बाहेर काढण्याच्या क्रियेशी ती जोडलेली असावीत. म्हणजे घातपात. पण कोणी केला, कोणाच्या सांगण्यावरून, हे न्यायालयात सिद्ध होईल इतका पुरावा तेव्हा उरला नव्हता. आरोपी ठरलाच नाही. दे माउरोच्या खुनासाठी माफियाप्रमुख तोतो रिईना याच्यावर खटला चालला, २०११ मध्ये तोही या आरोपातून सुटला. पण दे माउरो मात्तेई प्रकरणाच्या शोधापायी मारला गेला, हे त्याच न्यायालयाने आपल्या निकालपत्रात नोंदवलं.

साहजिकच कोणीही विचारेल, मग मारलं कोणी? सात बहिणींनी? फ्रेंचांनी? माफियाने? घरातल्याच कोणी? एक गोष्ट विसरू नका. मृत्यूच्या सुमारास मात्तेई अमेरिकनांशी समेटाची बोलणी करत होता. म्हणजे 'कंपन्यांनी काटा काढला' ही सरळ गोष्टही तितकी सरळ राहत नाही. रोझीने तेव्हा बोट दाखवलं नाही आणि पुराव्याशिवाय आपणही दाखवू नये. इतिहासात न सुटलेल्या खुनावर सगळ्यात जास्त पीक येतं ते अफवांचं.

मांजर मोठं झाल्यावर

माझ्या मते चित्रपटाचं मोल खुनाच्या कोड्यात नाही. मात्तेईने जी यंत्रणा उभी केली, ती त्याच्या मागे कोणाच्या हाती जाणार, या प्रश्नात आहे. मात्तेई होता तोवर टॅक्सीत बसणारा तो होता. भाडं देणारा गेल्यावर टॅक्सीवाल्यांना भाड्याची सवय राहिलीच की!

तीस वर्षांनी त्याचं उत्तर मिळालं. १९९२ पासून मिलानच्या सरकारी वकिलांनी लाचखोरीचा मोठा तपास सुरू केला, 'स्वच्छ हात' या नावाने तो ओळखला जातो. एनी आणि मोंतेदिसोन या रसायन कंपनीचा 'एनिमोंत' नावाचा एकत्र उद्योग होता. तो मोडताना जवळजवळ सर्व मोठ्या सत्ताधारी पक्षांना सुमारे १५० अब्ज लिरांची लाच गेली. इटालियन वर्तमानपत्रांनी तिला सगळ्या लाचांची आई म्हटलं. २० जुलै १९९३ रोजी एनीचे माजी अध्यक्ष गाब्रिएले काल्यारी यांनी मिलानच्या तुरुंगात आत्महत्या केली. तीन दिवसांनी, २३ जुलैला, मोंतेदिसोनच्या मागे असलेले उद्योगपती राउल गार्दिनी यांनी स्वतःला संपवलं. ज्या ख्रिस्ती लोकशाही पक्षाने ४५ वर्षं इटलीवर राज्य केलं, तो पुढच्या काही महिन्यांत विसर्जित झाला.

मात्तेई आणि एनिमोंत एकच, असं मी म्हणत नाही. हेतू निराळे होते. पण वाट तीच होती. जनतेच्या पैशाने पक्ष पोसायचे, हिशेब संसदेला दाखवायचा नाही. पहिल्या माणसाने ती वाट देशासाठी पाडली. नंतरच्यांना ती तयार मिळाली. सात बहिणींच्या मक्त्याशी लढायला त्याने एक मक्ता उभा केला, आणि त्या मक्त्यावर लगाम कोणाचा, हे ठरवायचं राहून गेलं.

आता माहुलकडे

हे सगळं दूरच्या देशातलं वाटत असेल, तर आपल्याकडचा १९६० चा सुमार आठवू. तुर्भे-माहुलला बर्मा-शेल आणि एस्सो यांचे तेलशुद्धीकरण कारखाने होते, विशाखापट्टणमला कॅल्टेक्सचा. म्हणजे सात बहिणींपैकीच काही आपल्या घरात. ते उभारताना भारत सरकारने २५ वर्षं राष्ट्रीयीकरण करणार नाही असं लेखी आश्वासन दिलं होतं. या कंपन्या कच्चं तेल आणायच्या आपल्याच मूळ कंपन्यांकडून, त्यांनीच ठरवलेल्या भावाने. आणि १९६० मध्ये, मात्तेईने रशियन तेलाचा करार केला त्याच वर्षी, भारतालाही सोव्हिएत संघाने स्वस्त कच्चं तेल देऊ केलं. आपले तेलमंत्री केशव देव मालवीय यांनी परदेशी कंपन्यांना विचारलं, हे तुमच्या कारखान्यांत शुद्ध करून द्याल का? त्यांनी नकार दिला. भारताच्या भूमीवरचा कारखाना, भारताने मिळवलेलं तेल, आणि उत्तर नाही!

मालवीय यांची गोष्ट मात्तेईसारखी थरारक नाही. ती कागदांची गोष्ट आहे. १९५६ चा तेल व नैसर्गिक वायू आयोग, १९५९ ची इंडियन ऑइल, रुमानिया आणि रशियाच्या मदतीने उभे राहिलेले सरकारी कारखाने. आणि तेलाच्या किमती तपासायला नेमलेली दामले समिती, तिचा अहवाल १९६१ चा. मला या समितीचं महत्त्व फार वाटतं. सात बहिणींशी आपला सामना आधी हिशेबाच्या वहीत सुरू झाला. भाव कसा लावता, ते दाखवा!

मात्तेईशी आपला थेट धागाही आहे. १९६५ मध्ये इराणच्या समुद्रात तेल काढण्यासाठी जी भागीदारी झाली, तीत निम्मा वाटा इराणच्या राष्ट्रीय कंपनीचा होता, आणि उरलेल्या निम्म्यात तीन समान भागीदार. मात्तेईची आजिप, अमेरिकेची फिलिप्स आणि आपला तेल आयोग. त्यासाठी काढलेली हायड्रोकार्बन्स इंडिया ही कंपनी म्हणजेच पुढची ओएनजीसी विदेश. देशाबाहेर तेल काढण्याचं आपलं पहिलं पाऊल मात्तेईने रुळवलेल्या भागीदारीच्या वाटेवर पडलं, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. पुढे १९७४ मध्ये एस्सोचं हिंदुस्तान पेट्रोलियम झालं, १९७६ मध्ये बर्मा-शेलचं भारत रिफायनरीज आणि मग भारत पेट्रोलियम.

आणि धाग्याचं दुसरं टोकही बघा. अलिबागजवळ थळला खताचा मोठा कारखाना आहे, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा. त्याच्या युरिया विभागाचं तंत्रज्ञान स्नॅमप्रोगेत्तीचं, म्हणजे एनीच्याच घरातल्या कंपनीचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या कंत्राटाच्या निवडीवरून मोठा राजकीय वाद झाला. मी इथे कोणाला दोषी ठरवत नाही. एवढंच दाखवतो आहे, की कंपनी सरकारी, घेणारे सरकारी, देणारेही सरकारी, तरी 'हे कसं ठरलं?' हा प्रश्न विचारावाच लागतो. उलट अशा ठिकाणी तो जास्त विचारावा लागतो. परक्या कंपनीवर संशय घेणं सोपं असतं. 'आपली' म्हटलं की माणूस पावती मागायला लाजतो.

शेवटी

इटली सरकारने २०२४ मध्ये आफ्रिकेशी संबंध वाढवण्याची योजना जाहीर केली, तिचं नाव 'मात्तेई योजना'. बरोबरीची भागीदारी, लुबाडणूक नाही, असं त्यामागचं सांगणं आहे. माणूस पाठ्यपुस्तकात गेला की त्याची एक बाजू गळून पडते. ७५ आणि २५ चं गणित लक्षात राहतं, टॅक्सीचं भाडं विसरलं जातं.

रोझीचा चित्रपट ही गळती होऊ देत नाही. तो मात्तेईला संत करत नाही आणि चोरही करत नाही. तेल कोणाचं, हा विसाव्या शतकातला एक मोठा प्रश्न होता. इराण, अल्जीरिया, भारत, सगळ्यांनी त्याचं उत्तर दिलं, 'आमचं'. उत्तर योग्यच होतं, आणि मात्तेईने ते द्यायला बळ दिलं, हे त्याचं ऋण मान्य केलं पाहिजे. पण तो प्रश्नाचा अर्धा भाग झाला. 'आमचं' म्हटल्यावर त्याची वही कोणाच्या हातात, आणि ती उघडून दाखवा असं म्हणणाऱ्याचं काय होतं, हा दुसरा अर्धा भाग.

पालेर्मोत त्या रात्री माउरो दे माउरोच्या हातात कदाचित याच वहीचं एखादं पान आलं होतं. चित्रपट जमला तर जरूर पाहा. मात्तेईसाठी पाहा, वोलोन्तेसाठी पाहा, आणि ते पान शोधायला गेलेल्या त्या पत्रकारासाठीही पाहा.